हाकोनेच्या पुढेही जा

जपानमधल्या हाकोनेच्या गरम झऱ्यांवरचा तुमचा लेख आवडला. रयोकानच्या, म्हणजे तिथल्या पारंपरिक निवासाच्या, पाहुणचाराबद्दल मनापासून लिहिलंय, पण तुम्ही हाकोनेपाशीच थांबलात. डोंगर बघत गरम पाण्यात बसायचं असेल तर जपानच्या डोंगराळ भागातल्या ओकुहिदाला जाच! ताकायामा शहरातून बसने तासाभरात हिरायू येतं, आणि तिथून शिनहोताकापर्यंत गरम झऱ्यांची पाच गावं आहेत.

आम्ही नोव्हेंबरात त्यातल्या फुकुजीला एक रात्र राहिलो. पहाटे मी एकटीच उघड्यावरच्या कुंडात उतरले. गळ्यापर्यंत कढत पाणी, कपाळाला बोचरा गारठा. काठावरच्या दगडाला हात लावला तर बर्फासारखा गार. आणि समोर कासागाताके, २,८९८ मीटर. कासा म्हणजे इरलं, आणि डोंगर दिसतोही तसाच. आधी नुसता टोकाला गुलाबी रंग चढला, मग ऊन हळूहळू खाली उतरत आलं. मी हललेच नाही.

सगळ्यांसमोर अंघोळ म्हणून आपल्याकडच्या बायका बिचकतात. बहुतेक ठिकाणी बायकांचं कुंड वेगळं असतं, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. फक्त आधी कुंडाबाहेर बसून स्वच्छ अंघोळ करायची, छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही.

शाकाहारी मंडळींनी मात्र बुकिंग करतानाच नीट सांगून ठेवा. मासळी ताटात नसली तरी सूपच्या पाण्यात, दाशीत असते. सकाळी वाळक्या होबाच्या (एका मॅग्नोलिया झाडाच्या) पानावर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, आणि कांद्याची पात निखाऱ्यावर रटरटत होती, त्याचा वास अजून आठवतो. पुढच्या लेखात या हिदा भागाबद्दल लिहा ना!