टर्फच्या खाली काय घालणार, ते आधी सांगा

आज सकाळपासून जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रुपवर एकच बातमी फिरतेय. आपल्या जुन्या हॉकी स्टेडियमचा कायापालट होणार. नवं निळं टर्फ, गॅलरीला रंग, नवी कमान, नवे दिवे. सोबत संगणकावर काढलेलं झकास चित्र. सगळे अभिनंदन करतायत आणि माझा संताप होतोय, कारण अख्ख्या बातमीत पाण्याच्या निचऱ्याबद्दल एक ओळ नाही. मातीबद्दल नाही. देखभालीबद्दल तर नाहीच.

तिथे खेळणाऱ्या प्रत्येकाला उत्तरेकडची डी, म्हणजे गोलासमोरचं अर्धवर्तुळ, माहीत आहे. टर्फच्या दोन पट्ट्यांचा सांधा तिथे बोटभर उघडलाय. गेल्या पावसाळ्यात चौदा वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यात एका बचावपटूची स्टिक त्या फटीत अडकली, ती तोंडावर पडली आणि मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी फटीवर खोकी बंद करायची चिकटपट्टी लावली. झाली दुरुस्ती! आणि आता त्याच जमिनीवर नवा गालिचा अंथरणार.

तो सांधा का उघडला, हे कुणी विचारलंय का? आपली जमीन काळी आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती पुरेशी खोल खणून काढायची असते. किती खोल, ते माती परीक्षण सांगतं. दोन-तीन फूट निघाली तर दोन-तीन फूट काढायची. मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात टाकायचा, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवायचा. एकदम दोन फूट भरून वरून रोलर फिरवला तर वरचा थर दबतो, खालचा पोकळ राहतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात मैदान बसतं. जुन्या टर्फच्या वेळी काळी माती खालीच राहिली. खालची जमीन वर-खाली झाली की वरचे सांधे ताणले जातात आणि जिथे गोंद कच्चा तिथे सुटतात. उत्तरेच्या डीत नेमकं तेच झालं.

मुरमावर जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, चरांमध्ये छिद्रांचे पाइप, त्यावर खडी. ही खडी भुकटीविरहित हवी. लेव्हल पटकन जमावी म्हणून कंत्राटदार क्रशरची भुकटी मिसळतात. दिसायला पृष्ठभाग सुंदर होतो, पण पाणी उतरायच्या वाटा बुजतात. खडीवर डांबराचा थर येतो, तोही सच्छिद्र. इथे रस्त्याची कामं करणारे लोक रस्त्याचंच घट्ट डांबर टाकून मोकळे होतात. मग टर्फ कितीही महागाचं आणा, पाणी जाणार कुठे?

डांबर झालं की तीन मीटरची सरळ पट्टी घेऊन मैदानभर फिरायचं. पट्टीखाली सहा मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसली की तेवढा भाग पुन्हा करायचा. त्यानंतर टँकरने पाणी सोडायचं आणि जिथे साचेल तिथे खडूने गोल काढायचे. हे सगळं टर्फ यायच्या आधी, कारण त्यावर रबराचे दाणे आणि पॉलियुरेथेनचा दहा-पंधरा मिलिमीटरचा गादीसारखा थर पडला की खालचा खड्डा सापडत नाही, तो फक्त खेळाडूच्या घोट्याला कळतो.

आणि गोंद! हा माझा सगळ्यात मोठा राग आहे. पट्ट्या साधारण चार मीटर रुंद येतात. आखलेलं मैदान ९१.४० बाय ५५ मीटर, पण भोवतीची मोकळी जागा धरून १०१.४ बाय ६३ घ्यावं लागतं. म्हणजे आडव्या सव्वीसेक पट्ट्या आणि पंचवीस सांधे, प्रत्येक ६३ मीटर लांब. दीड किलोमीटरपेक्षा जास्त सांधा झाला हा. तो चिकटवायचा पॉलियुरेथेनचा गोंद ओलाव्याशी संयोग पावून फसफसतो, त्यात बुडबुडे धरतात आणि पकड जाते. म्हणून हे काम कोरड्या हवेत, कोरड्या पृष्ठभागावर करायचं. पट्ट्या उलगडून आधी ऊन्हात सैल पडू द्यायच्या, नाहीतर नंतर आखडतात आणि सांध्यावर ताण येतो. पण उद्घाटनाची तारीख आधी ठरते! जुन्या टर्फचे शेवटचे सांधे जूनमध्ये, ढग भरून आलेले असताना चिकटवले. त्या मुलीचं मनगट त्या तारखेपायी मोडलं, असंच मी म्हणेन. कोणाला राग आला तर येऊ दे.

‘मग गवतावरच खेळा की’ असं कुणीतरी लिहिणारच. फुटबॉलमध्ये तसं करता येतं. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर २०११ मध्ये घातलेलं कृत्रिम टर्फ पुढे काढलं आणि २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक गवतावर झाला. हॉकीला ती परतीची वाट नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून खेळ कृत्रिम मैदानावर गेला, आपण तिथे सातवे आलो, आणि त्यानंतर मातीवर वाढलेल्या पोरांनी किती भोगलंय ते तुम्हाला सांगायला नको. टर्फ हवंच. ऊन्हात ते साठ अंशांच्या पुढे तापतं, हेही खरं. मग दुपारचे सामने ठेवू नका.

पण कोणतं टर्फ? चित्रात पाण्याचं, म्हणजे खेळाआधी पाणी मारून ओलं करावं लागणारं टर्फ दाखवलंय. साधा हिशेब करा. एवढ्या मैदानावर तीन मिलिमीटर पाणी मारायचं तर एका वेळी सुमारे १९ हजार लिटर लागतं. सामन्याआधी एकदा, मध्यंतरात परत काही. एप्रिल-मे महिन्यात निम्म्या तालुक्यांत टँकर फिरत असताना हे पाणी कुणाच्या तोंडचं काढणार? बोअरचं क्षारयुक्त पाणी मारलं तर तंतूंवर पांढरा थर चढतो. पॅरिसला २०२४ मध्ये खुद्द ऑलिम्पिकसाठी कमी पाण्यावर चालणारं टर्फ वापरलं. आपल्याला वाळू भरलेलं टर्फ पुरेसं आहे. त्यावर गुडघे जास्त सोलतात आणि चेंडू थोडा अडखळतो, मान्य. पण कोरडं पडलेलं पाण्याचं टर्फ त्याहून वाईट.

गॅलरीच्या रंगाबद्दल थोडक्यात. खालच्या बाजूला हातोडी मारून बघा, कितीतरी ठिकाणी पोकळ आवाज येतो. आत सळ्या गंजून फुगल्यात. सुटलेलं काँक्रीट फोडा, सळ्या घासून गंजरोधक लावा, मग मायक्रोकाँक्रीट (दुरुस्तीचं बारीक काँक्रीट) भरा, आणि त्यानंतर रंग. शिवाय गॅलरीच्या छपराचं पाणी आज थेट मैदानात पडतं. पन्हळ आणि वेगळा नाला हवा. नव्या थरांनी मैदान फूट-सव्वाफूट वर येणार, म्हणजे जुना नाला खोल जाणार आणि फाटकाचा उंबरा खाली पडणार. ती लेव्हल नकाशात दिसतेय का?

रात्र होत आली, राग थोडा निवलाय. मैदानावरच्या काकांना या सगळ्यात दोष देऊ नका. खराटा आणि बादली एवढ्याच सामानावर ते एकटे सहा हजारांवर चौरस मीटर सांभाळतात. ती चिकटपट्टीही त्यांनी स्वतःच्या पैशाने आणली होती. त्यांना ब्लोअर द्या, ब्रश ओढायला छोटं यंत्र द्या, गॅलरीच्या सावलीत धरणाऱ्या शेवाळासाठी औषध द्या, आणि वर्षातून एकदा सांधे तपासायला माणूस द्या. याची तरतूद आजच्याच निविदेत करा. आणि मेळाव्याचे मांडव, मंत्र्यांच्या गाड्या टर्फवर बंद, हेही लेखी हवं.

गालिचा आठ-दहा वर्षांत झिजतोच. पाया नीट केला तर त्यावर दुसरा, तिसरा गालिचा बसतो. म्हणून पैसे कमी पडत असतील तर कमान रद्द करा, निळा रंग रद्द करा, पण खोदाई आणि निचरा कापू नका. ग्रुपमधले जे समितीवर आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत तीन कागद मागावेत: माती परीक्षणाचा अहवाल, निचऱ्याचा लेव्हलसह नकाशा, आणि डांबरावर पाणी सोडून बघायची अट. नसतील तर सही करू नका.

ती मुलगी परत खेळायला लागलीय, उत्तरेच्याच डीत. आणि हो, जुनं टर्फ उचलाल तेव्हा भंगारात देऊ नका. कडेच्या पट्ट्या अजून चांगल्या आहेत. त्या कापून जिल्हा परिषदेच्या शाळांना द्या, सपाट कोब्यावर अंथरल्या तरी पोरांना ड्रिबलिंग आणि पुशचा सराव करता येईल.