बागेकडे दुपारी बाराला बघणाऱ्यांसाठी

गल्लीच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरत फिरत आला. मथितार्थ असा: बेळगावातल्या बागा-मैदानं कुणी वापरत नाही, महापालिकेला त्यातून दमडी मिळत नाही, पावसाळाभर तिथं चिखल, जागा महापालिकेचीच, तर कॉम्प्लेक्स बांधून गाळे भाड्यानं द्यावेत. खाली अंगठ्यांची रांग.

कुणी वापरत नाही? हे लिहिणाऱ्यानं बाग बहुतेक दुपारी बाराला, गाडीवरून जाताना पाहिली असावी. पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात झाडांखालून चालणारे बघा. रविवारी लेले मैदानावर जा, एकाच्या मिडविकेटला दुसऱ्याचा विकेटकीपर उभा असतो. संध्याकाळी संभाजी उद्यानात नातवंडांमागे धावून दमलेल्या आज्ज्या दिसतील. बाहेरच्या पाटीवर कुठली भाषा वर, यावरून आपण मोठी माणसं भांडतो. आत घसरगुंडीच्या रांगेत मराठी आणि कन्नड पोरं नंबरावरून भांडतात, तेही एकमेकांच्या भाषेत.

उत्पन्नाचं म्हणाल तर, ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली. तिच्यात नगरपालिका-महापालिकांकडे सोपवायचे १८ विषय आहेत. बाग, उद्यान, क्रीडांगण हा बारावा. चौदावा स्मशानभूमीचा. तिथं किती फायदा झाला, हे अजून कुणी ग्रुपवर विचारलेलं नाही.

खरी गोम ‘जागा महापालिकेचीच’ या वाक्यात आहे, आणि अंगठेही त्यालाच जास्त पडले. बंगळूरच्या सदाशिवनगर भागात वसाहतीच्या आराखड्यात बागेसाठी राखलेली जागा विकास प्राधिकरणानं एका खासगी ट्रस्टला रुग्णालयासाठी दिली होती. रहिवासी कोर्टात गेले. रुग्णालय वाईट असं कुणाचंच म्हणणं नव्हतं, तरीही उच्च न्यायालयानं ते वाटप रद्द केलं आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. बागेची जागा लोकांसाठी राखलेली, अधिकाऱ्यांच्या मर्जीनं वाटायची नव्हे. तिथं रुग्णालय टिकलं नाही, तर इथं गाळे कुठले टिकतात! शिवाय बागा, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा जपण्यासाठी कर्नाटकाचा १९८५ चा वेगळा कायदा आहे. त्यात नागरी संस्थेनं अशा जागांची यादी करायची असते.

पावसाचा मुद्दा तर मेसेजवरच उलटतो. बळ्ळारी नाला फुगला की शहापूर-वडगावच्या शिवारातलं भात पाण्याखाली जातं, हे आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको. मोकळी माती थोडं तरी पाणी जिरवते. तिच्यावर स्लॅब आणि पेव्हर घातले की तेच पाणी गटारातून नाल्याकडं धावणार.

एक मात्र कबूल. देखभालीची बोंब आहे. आमच्या घराजवळच्या बागेत झोपाळ्याची एक साखळी तुटून कित्येक महिने झाले, नळ कोरडा आणि गेटला कुलूप कधी लागेल याचा नेम नाही. पण साखळी तुटली म्हणून बागेवर गाळे बांधा म्हणणं म्हणजे कौल फुटलं म्हणून घर पाडणं. मेसेज पुढं ढकलण्याआधी नगरसेवकाला दोन गोष्टी विचारा: त्या १९८५ च्या कायद्याच्या यादीत आपल्या वॉर्डातल्या कुठल्या जागा आहेत, आणि झोपाळ्याची साखळी कधी बसणार?