तीस दिवसांत कादंबरीकार

कादंबरी लिहायची ठरवलीत ना? मग विचार करत बसू नका, त्याने वेग जातो. ३० दिवस, ५०,००० शब्द, झाली कादंबरी! हा हिशेब १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत २१ हौशी मंडळींनी गंमत म्हणून मांडला आणि 'नॅनोरायमो' या नावाने तो जगभर पसरला.

दिवसाला १,६६७ शब्द पडतात. शेवटच्या आठवड्यात हा आकडा पाच-सहा हजारांवर जातो, कारण आधीचे तीन आठवडे तुम्ही नायकाचं नाव ठरवत असता. घाबरू नका. फक्त मराठीची एक खोड आधी मोडून काढा: ही भाषा सगळं शब्दालाच चिकटवून टाकते. 'घराबाहेरसुद्धा' लिहिलंत की संगणक एकच शब्द धरतो. 'घरा बाहेर सुद्धा' लिहा, तीन होतात. व्याकरणवाले ओरडतील, पण ते कुठे तुमची कादंबरी विकत घेणार आहेत? एवढं करूनही आकडा भरेना, तर नायिकेला पत्र लिहू द्या, नायकाला स्वप्न पडू द्या आणि दोघांना एकदा खिडकीत उभं करा. बाहेर पाऊस हजारेक शब्द सहज पडतो.

घाईबद्दल कुणी टोकलंच, तर रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीला पुढे करा. १८६६ साली या गृहस्थाने २६ दिवसांत अख्खी कादंबरी लघुलेखिकेला तोंडी सांगून पुरी केली. त्याच्या गाठीशी २० वर्षांचं लेखन होतं, आणि मुदत हुकली असती तर पुढच्या नऊ वर्षांच्या लिखाणाचे हक्क प्रकाशकाच्या घशात जाणार होते, एवढं मात्र गाळा. त्या लघुलेखिकेशीच त्याने पुढे लग्न केलं, हे आवर्जून सांगा. ऐकणाऱ्याला तेवढंच लक्षात राहतं.

एकतिसाव्या दिवशी पुनर्लेखन वगैरे? छे. प्रकाशकाकडे तर फिरकूही नका, तो वाचून बघायचा. आपलं प्रिंट ऑन डिमांड, म्हणजे मागणीनुसार छपाई, बरं. फाइल चढवा, तयार साच्यातलं मुखपृष्ठ निवडा (डोंगर, मावळता सूर्य, पाठमोरी आकृती, कथा कुठलीही असो), आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, आणि दोन-चार दिवसांत तुम्ही लेखक. पानं मात्र जरा मोजा. साधारण ८० च्या खाली गेलात तर पुस्तकाच्या कण्यावर नाव छापत नाहीत, म्हणजे कपाटात ठेवून उपयोग काय? टाइप मोठा करा, समास वाढवा, प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करा. डावीकडच्या कोऱ्या पानांना कुणी नावं ठेवत नाही. पुस्तकातला तो सर्वांत निर्दोष भाग असतो.

आपण फार घाई केली, अशी टोचणी लागलीच तर एवढं आठवा: २०२३ मध्ये ॲमेझॉनला, त्यांच्या स्वयंप्रकाशनाच्या सेवेवर एका लेखकाने दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तकं चढवू नयेत, असा नियम करावा लागला. त्या मानाने महिन्याला एक काढणारे तुम्ही आळशीच.

आणि प्रिंट ऑन डिमांडमध्ये पुस्तकांचे गठ्ठे माळ्यावर पडून राहत नाहीत. मागणी आली तरच प्रत छापतात. नाही आली तर झाडं वाचतात. पर्यावरणासाठी एवढं करणारे लेखक विरळाच.

विक्री सुरू करण्याआधी प्रूफची, म्हणजे तपासणीसाठीची, प्रत तेवढी मागवा. मुखपृष्ठावर आडवा करडा पट्टा येईल, त्यावर 'विक्रीसाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल. मनाला लावून घेऊ नका. प्रत्येकाच्याच प्रुफावर ती असते, यंत्राने तुमची कादंबरी वाचलेली नाही.