“कुत्रंच तं हाये, दुसरं आन!”

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

शेजारचा सातवीतला पोट्टा पिल्लू टॉवेलात गुंडाळून पानठेल्यापाशी उभा होता. पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं. शेपटीखाली सगळं रक्ताने माखलेलं, आणि तो वास! एकदा घेतला की आयुष्यभर ओळखू येतो. पार्व्हो, कुत्र्याच्या पिल्लांना होणारा विषाणूचा रोग. आणि ठेल्यावरची शिकली-सवरली माणसं त्याला म्हणतात, “काहून रडतं बे? कुत्रंच तं हाये, दुसरं आन!”

दुसरं आन. आमच्याही घरी हेच म्हटलं होतं सगळ्यांनी.

मोत्या तीन महिन्यांचा होता. एक दिवस भाकर सोडली, मग फेसाच्या उलट्या, मग सारवलेल्या अंगणात जागोजागी रक्ताची हगवण. बाबांनी हळद-दूध पाजलं. मी मेडिकलमधून माणसाची दुखण्याची गोळी आणून चुरून दिली. असल्या गोळीने कुत्र्याच्या पोटात आणखी रक्त सुटतं, हे मला कोणी सांगितलं नाही, गोळी देणाऱ्यानेही नाही. मोत्या स्टीलच्या वाटीपाशी जायचा, पाण्याला नाक टेकवायचा आणि तसाच बसून राहायचा. प्यायचा नाही. चौथ्या दिवशी पहाटे गेला.

महिनाभरात मी दुसरं आणलं. तोच खुंटा, तीच वाटी. दहा दिवसांत तेही तसंच गेलं. आई म्हणाली, “जागा बाधली.” अरे, खरंच जागाच बाधली होती! हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकून राहतो. भांडी आणि फरशी ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, विहिरीत टाकतो तीच पावडर. पण मातीचं अंगण धुणार कसं? तिथे लस न दिलेलं पिल्लू आणायचंच नाही.

रोग काही कालचा नाही. 1978 पासून जगाला माहीत आहे, लसही आहे. पहिली सुई 6 ते 8 आठवड्यांची असताना, मग दर 3-4 आठवड्यांनी, पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत. एका सुईवर भागत नाही, कारण आईच्या दुधातून मिळालेली ताकदच सुरुवातीची लस लागू देत नाही. आणि “रेबीजची मारली ना” म्हणू नका, ती वेगळी.

मान्य, तालुक्याला डॉक्टर एक आणि गावं ढीगभर. गाय अडली तर आधी गायच बघावी लागेल. लस थंड ठेवावी लागते, तेही मान्य. पण कपाशीच्या फवारणीसाठी आपण यवतमाळला चार चकरा मारतो ना? थर्मासात बर्फ घालून लस आणता येत नाही?

पोट्ट्याला गाडीवर बसवून तालुक्याला नेलं. हा विषाणू मारणारी गोळी नसतेच. आतड्याचं अस्तर सोलून निघतं, पाणी संपतं, म्हणून सलाईन, उलटी थांबवायची सुई आणि अँटिबायोटिक. वेळेत मिळालं तर पुष्कळ पिल्लं वाचतात. मोत्याला मी चार दिवस घरात ठेवलं. चार दिवस.

आत्ता पोट्टा दारात येऊन गेला. “दादा, दुपारपासून वकलं नाही. पाण्याला जीभ लावली.”

मी विचारलं, खरंच प्यायलं की नुसतं नाक टेकवलं?

“नाही दादा, लपलप करत होतं.”

उद्या सकाळी सातला परत सलाईनला न्यायचंय. कुणाकडे मोठा थर्मास असेल तर सांगा, गल्लीत आणखी तीन पिल्लं आहेत.