वाटाडे म्हणे!

न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासमोरच्या, अमेरिकेचा एकेकाळचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच्या घोड्यावरच्या पुतळ्याबद्दल एक दावा पुन्हापुन्हा फिरतो: जमावाने पुतळा पाडला, इतिहास पुसला; घोड्याच्या बाजूचे दोघे तर त्याचे वाटाडे, मैत्रीचं प्रतीक; आणि २०२० पर्यंत कुणालाच त्यात काही खटकलं नव्हतं.

जमावाचं आधी उरकतो. पुतळा हलवायची मागणी जून २०२० मध्ये खुद्द संग्रहालयाने केली. जागा शहराची, म्हणून पुढच्या वर्षी शहराच्या आयोगाने एकमताने मंजुरी दिली, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुतळा उतरवला. नॉर्थ डकोटातल्या रूझवेल्टच्या नियोजित ग्रंथालयाला तो दीर्घ मुदतीने द्यायचं ठरलं. संग्रहालयातलं त्याचं स्मारक-दालन आहे तिथेच आहे. यात पुसलं काय?

'२०२० पर्यंत' हेही खोटं. १९७१ मध्येच अमेरिकेतल्या मूळनिवासी कार्यकर्त्यांनी या पुतळ्यावर लाल रंग ओतला होता. २०१७ मध्ये चौथऱ्यावर पुन्हा लाल रंग पडला.

आता वाटाडे. हा शब्द हवेतून आलेला नाही, हे मान्य. १९४० साली अनावरण झालेल्या या पुतळ्याचा शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर याने स्वतःच त्यांना आफ्रिका आणि अमेरिका या खंडांचे प्रतीकात्मक वाटाडे म्हटलं होतं. पण शिल्पकाराचा हेतू काही चौथऱ्यावर उभा नसतो. पायऱ्यांखाली थांबून वर बघणाऱ्याला दिसायचं ते असं: मधे घोड्यावर नावगाव असलेला एक गोरा माणूस, एका बाजूला पिसांचा शिरटोप घातलेला मूळनिवासी, दुसऱ्या बाजूला उघड्या छातीचा आफ्रिकी. दोघेही पायी, दोघेही बिननावाचे. आपल्याकडे वरातीत नवरा घोड्यावर असतो आणि डोक्यावर दिवे घेतलेली माणसं बाजूने चालतात. त्यांना नवऱ्याचे मित्र कुणी म्हणत नाही. (वरातीच्या फोटोत त्यांची नावं कुणी लिहिलेली पाहिलीत?)

आणि मैत्री? रूझवेल्टने राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, १८८६ साली, जाहीर भाषणात म्हटलं होतं की मेलेला इंडियन (म्हणजे अमेरिकेतला मूळनिवासी) तेवढाच चांगला, इथवर आपण जात नाही. पण दहातल्या नऊ जणांबाबत ते खरं आहे, आणि दहाव्याची फार चौकशी करायला आपल्याला आवडणार नाही.

मूळनिवासी माणूस घोड्यावर बसवणं त्या काळाला सुचलंच नसतं, असंही नाही. १९०५ मध्ये रूझवेल्टच्याच शपथविधीच्या मिरवणुकीत सहा मूळनिवासी नेते वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून घोड्यांवर बसून गेले. सहाही जणांची नावं नोंदलेली आहेत. त्यांतला अपाची नेता जेरोनिमो तेव्हा युद्धकैदी होता. मिरवणुकीनंतर त्याने रूझवेल्टकडे एकच मागणं मागितलं, आपल्या लोकांना ॲरिझोनात परत जाऊ द्या. रूझवेल्टने नकार दिला. १९०९ साली जेरोनिमो ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल इथे वारला, कैदी म्हणूनच.