केफिरमधली ‘शून्य साखर’: एका फॉरवर्डला उत्तर

दादर-माहीमच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवरून निघून ठाणे-डोंबिवलीच्या नातेवाइकांपर्यंत केफिरबद्दल, म्हणजे खास दाणे घालून आंबवलेल्या दुधाबद्दल, एक मजकूर सध्या फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘डायबेटिसवाल्यांनो, दूध बंद करा, घरी केफिर लावा. दुधातली सगळी साखर केफिरचे जिवाणू २४ तासांत खाऊन टाकतात, उरते शून्य. ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही केफिर पचतं, यातच सगळं आलं. लेबलवरचे आकडे खोटे असतात. ग्लुकोमीटरची पट्टी केफिरात बुडवून बघा, ‘लो’ येतं. इराणमध्ये हे सिद्ध झालंय. आंबट लागलं तर गूळ घाला, तोही जिवाणू खातात. तीन महिन्यांत गोळ्या सुटतील.’ खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

आमच्याकडे केफिर रोज लागतं आणि आवडीनं प्यायलं जातं, तेव्हा माझं भांडण केफिरशी नाही. भांडण त्या शून्याशी आहे. माझी सगळी नोकरी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत झाली, दुधा-दह्याची आम्लता काढण्यात. त्यामुळे पहिल्या मुद्द्यावर जरा जास्त बोलणार आहे.

‘जिवाणू सगळी साखर खातात’

दुधात आपण साखर घातली नाही तरी ती असतेच. गाईच्या दुधात १०० मिलीमागे साधारण पावणेपाच ग्रॅम लॅक्टोज, म्हशीच्या दुधात जवळपास पाच ग्रॅम. म्हणजे २०० मिलीच्या पेल्यात साडेनऊ-दहा ग्रॅम. पिशवी टोन्ड घेतली की डबल टोन्ड, यानं फरक पडत नाही. कमी होते ती साय, साखर नव्हे. (डबल टोन्ड घेतो म्हणून साखरेची काळजी नाही, असं सांगणारे काका दर इमारतीत एक तरी असतात.)

केफिरचे दाणे म्हणजे जिवाणू आणि यीस्ट यांची एकत्र वसाहत. जिवाणू लॅक्टोज फोडून त्याचं मुख्यतः लॅक्टिक ॲसिड करतात, यीस्ट थोडा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतात, थोडी साखर दाण्यांच्या त्या बुळबुळीत आवरणात जाते. पण साखर हवेत विरत नाही. ती गेली तर तिच्या जागी काहीतरी आलं पाहिजे. एक ग्रॅम लॅक्टोजचं पूर्ण लॅक्टिक ॲसिड झालं तर जवळजवळ एक ग्रॅमच ॲसिड होतं, आणि हे ॲसिड मोजायला अगदी सोपं आहे.

प्रयोगशाळेत आम्ही नऊ ग्रॅम नमुना घ्यायचो, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (ॲसिड संपलं की गुलाबी होणारं द्रावण) थेंब टाकायचो आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, ठरलेल्या तीव्रतेचा (डेसिनॉर्मल) कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडायचो. ढवळत राहायचं, फिकट गुलाबी छटा आली आणि टिकली की तोटी बंद. या मापात खर्च झालेला प्रत्येक मिली म्हणजे ०.१ टक्का ॲसिड. ताज्या दुधाला दीड मिलीच्या आतबाहेर लागतो. चांगलं आंबट दही असो की केफिर, आठ ते दहा मिलीच्या आसपास गुलाबी होतं. म्हणजे ॲसिड ०.८ ते १ टक्का.

आता हिशेब करा. पाचातले पाचही ग्रॅम लॅक्टोज ॲसिडमध्ये गेलं असतं तर पन्नास मिलीची अख्खी ब्युरेट रिकामी झाली असती. बाजारात मिळणाऱ्या व्हिनेगरमध्ये ॲसिड चार-पाच टक्के असतं, ते पेलाभर कोणी पिऊन दाखवावं. तसं होत नाही, कारण आम्लता एका पातळीला पोचली की जिवाणू आपल्याच ॲसिडमुळे मंदावतात. साखर शिल्लक असते, ती खाण्याचा त्यांचा वेग संपलेला असतो. यीस्टचा वाटा धरला तरी नेहमीच्या घरगुती केफिरात दर १०० मिलीमागे एक ते दीड ग्रॅम लॅक्टोज कमी होतं, फार तर दोन. उरतं तीन-साडेतीन, कधी चारसुद्धा. २०० मिलीच्या पेल्यात सहा ते आठ ग्रॅम.

एका मध्यम पोळीत पंधरा-वीस ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे पेलाभर साधं केफिर हे साखरेच्या हिशेबात अर्ध्या पोळीच्या अलीकडे-पलीकडे. डायबेटिस असलेल्या माणसानं घाबरावं असं त्यात काही नाही. फक्त ते हिशेबात धरावं लागतं.

‘२४ तास ठेवा’

हा आकडा थंड प्रदेशातला आहे. केफिर मूळचं कॉकेशसच्या डोंगराळ भागातलं, आणि दाण्यांना २० ते २५ अंशांची हवा मानवते. मुंबईतल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात पारा तिशीच्या पुढे असतो, त्यात ओट्यावर गॅस चालू. बारा-चौदा तासांत बरणीत खाली पाणी आणि वर चोथा दिसायला लागतो. तरी फॉरवर्ड वाचून लोक २४ तास, ४८ तास ठेवतात, ‘साखर आणखी कमी होईल’ म्हणून. थोडी होते, हे खरं. पण शून्यावर येत नाही, आणि तोवर ते इतकं आंबट झालेलं असतं की घरातलं कोणीतरी त्यात चमचाभर मध घालतंच. चहाच्या चमच्याभर मधात पाच-सहा ग्रॅम साखर. दोन दिवस थांबून जी वाचवली, तिच्याहून जास्त एका चमच्यात परत.

माझ्या मते मुंबईत केफिर घट्ट व्हायला लागलं, बरणी तिरकी केल्यावर कडेपासून सुटायला लागलं की गाळून फ्रिजमध्ये टाकावं. घड्याळ बघू नये.

‘दूध न पचणाऱ्यांना पचतं, म्हणजे लॅक्टोज संपलं’

अर्धं खरं आणि म्हणूनच जास्त फसवं. ज्यांच्या आतड्यात लॅक्टेज हे एन्झाइम कमी असतं त्यांना दूध प्यायल्यावर पोट फुगतं, जुलाब होतात. अशा बऱ्याच लोकांना दही आणि केफिर सोसतं. त्याचं मोठं कारण असं की त्यातले जिवाणू लॅक्टोज फोडणारं एन्झाइम स्वतःबरोबर घेऊन पोटात जातात, आणि उरलेलं लॅक्टोज फोडायचं काम आतड्यात चालू राहतं.

पण फोडल्यावर काय होतं? ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. ते आतड्यातून शोषलं जाऊन रक्तात जातं. म्हणजे ज्याला एरवी दूध पचत नव्हतं, त्याच्या रक्तात केफिरमुळे ती साखर नीट पोचते. पोटाच्या तक्रारीसाठी ही बातमी चांगली, पण डायबेटिसच्या हिशेबात तिचा अर्थ फॉरवर्ड सांगतो त्याच्या बरोबर उलट निघतो.

‘ग्लुकोमीटरवर लो येतं’

या व्हिडिओला मात्र दाद द्यावी लागेल, बघताना पटतो. पट्टी केफिरात, यंत्रावर ‘लो’, मागे टाळ्या. पण ग्लुकोमीटरची पट्टी ग्लुकोज ओळखण्यासाठी बनवलेली असते, लॅक्टोज नाही. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज एकमेकांना जोडलेले असतात तेव्हा तिच्या लेखी ते नसल्यासारखेच. शिवाय ती रक्तासाठी जुळवलेली असते, घट्ट आंबट दुधासाठी नाही.

खात्री करायची असेल तर त्याच यंत्राची पट्टी पिशवीतल्या साध्या, न विरजलेल्या दुधात बुडवा. तिथेही ‘लो’ येईल किंवा एरर येईल. मग दुधातही साखर नाही म्हणायचं का? आणि तसं असेल तर दूध बंद करायला कशाला सांगताय?

‘लेबलवरचे आकडे खोटे’

यात एक खरा धागा आहे, तो नाकारत नाही. पदार्थातली कर्बोदकं पुष्कळदा वजाबाकीनं काढतात: शंभरातून पाणी, प्रथिनं, स्निग्धांश आणि राख (म्हणजे क्षार) वजा केली की उरलेलं सगळं कर्बोदक. या उरलेल्यात लॅक्टिक ॲसिडही धरलं जातं. त्यामुळे दह्या-केफिरच्या लेबलवरचा कर्बोदकांचा आकडा खऱ्या साखरेपेक्षा थोडा जास्त असू शकतो. किती जास्त? तर ब्युरेटनं सांगितलं तितका, १०० ग्रॅममागे एखादा ग्रॅम. या एका ग्रॅमवरून उड्या मारत ‘बाकी सगळी साखर जिवाणूंनी खाल्ली’ इथे पोचणं हे गणित नव्हे.

दुकानातल्या बाटलीबद्दल इतकंच बघा की ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे वरून घातलेली नाही, एवढाच अर्थ. मागच्या बाजूला ‘टोटल शुगर्स’ आणि ‘ॲडेड शुगर्स’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. आपल्याला ‘टोटल’ची हवी.

‘इराणमध्ये सिद्ध झालंय’

इराणमध्ये एक चाचणी झाली आहे, २०१५ साली प्रसिद्ध झाली. टाइप २ डायबेटिसचे ६० रुग्ण, ८ आठवडे. एका गटाला रोज ६०० मिली केफिर, दुसऱ्याला तितकंच नेहमीचं आंबवलेलं दूध. केफिर घेणाऱ्यांचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या काही महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) दुसऱ्या गटापेक्षा कमी आलं. चांगली गोष्ट आहे. पण त्या केफिरात निवडक प्रोबायोटिक जिवाणू मुद्दाम घातलेले होते. शेजारच्या काकूंनी वाटीतून दिलेल्या दाण्यांचं ते केफिर नव्हतं. चाचणी लहान, मुदत लहान. आणि मुख्य म्हणजे त्यात साखर शून्य असते, असं ती चाचणी कुठेच म्हणत नाही. साखर असलेला पदार्थही एकूण आहारात फायद्याचा ठरू शकतो, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. दूध, दही, केफिर यांनी रक्तातली साखर फार चढत नाही, त्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते याचं माप, कमी आहे. पण त्या मानानं इन्सुलिन मात्र बरंच जास्त स्रवतं. यात दुधातल्या प्रथिनांचा मोठा हात असतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. मीटरवर आकडा शांत दिसला म्हणून शरीरात काहीच घडलं नाही, असं मात्र समजू नये.

‘गूळ घाला, तोही खातात’

जे जिवाणू दुधातलं लॅक्टोज संपवू शकले नाहीत ते गाळल्यावर, दाणे काढून घेतल्यावर, फ्रिजच्या थंडीत गूळ संपवतील ही अपेक्षा भाबडी आहे. थोडा आंबतो, उरलेला आपण पितो. खजुराचंही तेच. एका मोठ्या मेडजूल खजुरात साधारण १६ ग्रॅम साखर, म्हणजे अख्ख्या पेलाभर केफिरच्या दुप्पट. आणि मेमध्ये हापूसचा रस घालून केलेलं केफिर लागतं उत्तमच, पण त्याला आम्रखंडाच्या रांगेत बसवा, औषधाच्या नको.

याच फॉरवर्डच्या जोरावर आता वॉटर केफिरही डायबेटिसवाल्यांच्या गळ्यात मारलं जातंय. ते तर लावतातच साखरेच्या पाण्यात, लिटरला पन्नास-साठ ग्रॅम साखर घालून. एक-दोन दिवसांनी त्यातली किती उरेल याचा घरी नेम नाही, आणि उरते ती बरीचशी ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊन. साखर आटोक्यात ठेवायची असेल तर दुधाचं केफिर बरं, ते नको.

‘तीन महिन्यांत गोळ्या सुटतील’

सगळ्यात धोक्याची ओळ हीच आहे. एचबीए१सी मागच्या साधारण तीन महिन्यांचा अंदाज देतं. गोळी आज सोडली तर उद्या-परवा काही वाटतही नाही, आणि पुढच्या रिपोर्टपर्यंत साखर चढलेली असते. इन्सुलिन घेणाऱ्यानं ते मनानं बंद करणं तर थेट इस्पितळाचा रस्ता, टाइप १ मध्ये विशेष. जेवणातली कर्बोदकं मोजून इन्सुलिनचे युनिट ठरवणारी मुलं आता पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्या आईबापांनी रोज दोन पेले केफिर ‘शून्य’ धरलं तर दिवसाला बारा ते सोळा ग्रॅमचा हिशेब चुकतो. याउलट साखर खाली जाऊन घाम फुटला, हात थरथरले तर तेव्हा केफिर देत बसू नका. प्रथिनं आणि सायीमुळे त्यातली साखर सावकाश चढते. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी.

केफिर आपल्याला किती मानवतं हे बघायचं असेल तर पट्टी बरणीत बुडवू नका, बोटाला लावा. रोजचाच नाश्ता, म्हणजे दोन इडल्या असतील तर दोनच. एक दिवस नुसता, एक दिवस त्याबरोबर मोजून २०० मिली साधं केफिर. खाण्याआधी आणि दोन तासांनी रक्त तपासा, गोळ्या नेहमीच्या नेहमीच्या वेळी घ्या. असं तीन-चारदा करून आकडे वहीत लिहा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही पिशवीत टाका.