गाडीचं नाव सांगू नका, पार्टचं सांगा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून सवडीने उत्तर देतोय. इतरांनी मूळ लेख वाचला नसेल तर थोडक्यात संदर्भ: जीएमसी मोटरहोमच्या (जनरल मोटर्सची सत्तरच्या दशकातली, आत राहायची सोय असलेली सहा चाकी गाडी) देखभालीवर लिहिताना मी म्हटलं होतं की बहुतेक पार्ट आजही मिळतात. तुमच्याकडे १९७७ ची २६ फुटी गाडी आहे. तुम्ही तीन दुकानांत विचारलं आणि तिन्ही ठिकाणी संगणकावर ते मॉडेलच निघालं नाही. शिवाय मालकांकडून वापरलेले पार्ट घ्या म्हणणं म्हणजे लोकांना भंगार विकत घ्यायला लावणं, असं तुम्ही म्हणता. चालणाऱ्या एअर बॅगा (मागच्या सस्पेन्शनमधल्या, स्प्रिंगचं काम करणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या) आणि १६.५ इंची चाकं बदलायला सांगणं तुम्हाला उधळपट्टी वाटते. आणि इलेक्ट्रिक फ्युएल पंप लावा असं लिहिलं, पण त्यातला धोका सांगितला नाही, ही शेवटची तक्रार.

आधी चाकं. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल, टायरवाल्याला फोन मात्र आत्ता करा. तुमच्या मूळ १६.५ इंची रिमवर १६ इंची टायर चढवून देतो असं तो म्हणाला असेल, तर त्याला नको म्हणा. टायर चढतो, हाच त्यातला घात आहे. रिमच्या मधल्या खोलगट भागामुळे तो सरकून आत जातो. पण १६.५ च्या रिमची टायर बसायची कड १५ अंश उतरती असते आणि १६ च्या रिमची ५ अंश, त्यात व्यासात अर्ध्या इंचाचा फरक. टायरची कड जागेवर बसत नाही, मग बसावी म्हणून माणूस आणखी हवा भरतो, आणि आतली तार तुटून टायर फुटतो. टायरच्या दुकानांत अशी माणसं मेली आहेत. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्याकडून ट्रकचे टायर बसवून घेऊ नयेत, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

१६.५ चे टायर बाजारातून जवळजवळ गेले आहेत, म्हणून बहुतेक मालकांनी १६ इंची चाकं घेतली आणि त्यांवर २२५/७५ आर १६, लोड रेंज ई (वजन पेलायचा वर्ग) टायर टाकले. सहा चाकं आणि एक स्टेपनी, खर्च होतो हे कबूल. आठ बोल्टचं, साडेसहा इंची वर्तुळाचं चाक जीएमच्या ट्रकनाही लागतं, पण बोल्ट जुळले म्हणून चाक जुळलं असं समजू नका. ऑफसेट (चाक आत किंवा बाहेर किती बसतं ते) आणि मधलं भोकही जुळावं लागतं. आणि टायर कितीही नवा दिसला तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मोटरहोम वर्षातले दहा महिने एका जागी उभी असते. तिचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात.

आता पंप. इथे चूक माझी आहे. मागच्या टाक्यांपासून इंजिनापर्यंत लांब पाइप, आणि मूळ यांत्रिक पंप इंजिनावर बसून एवढ्या अंतरावरून पेट्रोल ओढतो. ओढताना पाइपमधला दाब कमी होतो, उन्हात पेट्रोलची वाफ धरते आणि चढावर गाडी बंद पडते. पंप टाकीजवळ लावला की तो ढकलतो आणि वाफ धरायचं प्रमाण एकदम उतरतं. इथपर्यंत मी लिहिलं होतं. पण यांत्रिक पंप इंजिन बंद पडलं की आपोआप थांबतो आणि इलेक्ट्रिक थांबत नाही, हे लिहायला हवं होतं. अपघातात पाइप तुटला तर चावी चालू असेपर्यंत तो रस्त्यावर पेट्रोल ओतत राहील. म्हणून दोन गोष्टी सक्तीच्या समजा. एक, पंपाचा करंट ऑइल प्रेशर स्विचमधून न्यायचा. तीन टर्मिनलचा घ्या, म्हणजे स्टार्टर फिरताना स्टार्टरच्या वायरवरून पंप चालतो आणि इंजिन सुरू झालं की तेलाच्या दाबावर. दुसरी, इनर्शिया स्विच, म्हणजे अपघाताच्या धक्क्याने पंपाचा करंट तोडणारा स्विच. फोर्डने तो ऐंशीच्या दशकापासून कितीतरी गाड्यांत बसवला, जंकयार्डात सहज सापडतो. पंप कार्बोरेटरचाच, ४ ते ६ पीएसआय दाबाचा. इंजेक्शनचा ४० पीएसआयचा पंप लावलात तर क्वाड्राजेटची (या गाडीच्या कार्बोरेटरची) पेट्रोल अडवणारी निडल त्याला रोखू शकणार नाही आणि गरम इंजिनावर पेट्रोल वाहील.

पंपाला हात लावताय तर होजही बदला. होजवर एसएई ३०आर९ किंवा ३०आर१४ छापलेलं हवं. जुना ३०आर७ आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला फार दिवस पुरत नाही. टाकीच्या आत बुडणारा तुकडा मात्र ३०आर१० चाच लागतो, कारण बाकीचे होज बाहेरून पेट्रोलात भिजायला केलेलेच नसतात. टाकीच्या माथ्यावरचे व्हेंटचे होज टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाहीत, त्यामुळे खालून सगळं नवं आणि वर मूळ चिरलेलं रबर अशा कितीतरी गाड्या फिरताहेत. टाकी भरल्यावर आत दरवळ येत असेल तर तिथेच बघा. उतरवण्याआधी टाक्या रिकाम्या करा, दोन्ही मिळून ५० गॅलन म्हणजे तीनशे पौंड वजन होतं. (भारतात ई२० आल्यापासून जुन्या पद्मिनी आणि जीपवाल्यांना हाच प्रश्न पडलाय. त्यांनीही आधी होजवरची छपाई वाचावी.)

आता मूळ वाद. दुकानात तुम्ही ‘१९७७ जीएमसी मोटरहोम’ असं विचारलंत. काउंटरवरचा माणूस वर्ष, कंपनी, मॉडेल या क्रमाने यादी उघडतो. १९७३ ते १९७८ या सहा मॉडेल वर्षांत जेमतेम तेरा हजार बनलेली गाडी त्याच्या यादीत नसणारच. पण ही गाडी म्हणजे जीएमच्या कपाटातून उचललेल्या वस्तूंची मोट आहे. इंजिन ओल्ड्समोबिलचं, टीएचएम ४२५ गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल टोरोनाडो आणि कॅडिलॅक एल्डोराडो या मोटारींतला, पुढची टॉर्शन बारची मांडणीही त्याच घराण्यातली. म्हणून दुकानात गाडीचं नाव काढू नका. ‘ओल्ड्समोबिल ४५५, वॉटर पंप’ असं म्हणा. गिअरबॉक्सचं फिल्टर हवं तर टोरोनाडोचं मागा. बेअरिंग आणि ऑइल सील यांना तर गाडीच नसते, नंबर असतो. बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला असतो तो पुसून वाचा आणि बेअरिंगच्या दुकानात जा, मोटर पार्टच्या नाही. सीलचा नंबर गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली की काम झालं.

तुमच्या बाबतीत घोटाळा आणखी एक आहे. १९७७ सालात मध्येच इंजिन बदललं. आधीच्या गाड्यांत ४५५ (साडेसात लिटर), नंतरच्या गाड्यांत ४०३ (६.६ लिटर). दोन्ही ओल्ड्समोबिलचीच, पण ४०३ चा ब्लॉक बुटका आहे, त्यामुळे एकाचं इनटेक मॅनिफोल्ड दुसऱ्यावर बसत नाही. शिवाय पन्नास वर्षांत कुणी इंजिनच बदललेलं असू शकतं. तेव्हा आरसी बुकावर जाऊ नका, हेडच्या कोपऱ्यात ओतलेलं अक्षर बघा. मोठा ‘जे’ असेल तर ४५५, ‘४ए’ असेल तर ४०३. तेल आणि काजळीचा थर बसलेला असतो, वायर ब्रशने घासल्याशिवाय दिसायचं नाही. इनटेक गॅस्केट मागवण्याआधी एवढं करा, परत पाठवायचा व्याप वाचेल.

कुणी ओल्ड्समोबिल कटलास मोटारीतलं स्वस्त ४५५ देऊ केलं तर तेही चालतं, पण आपलं तेलाचं पात्र (ऑइल पॅन) आणि त्यातून तेल ओढणारी पिकअप ट्यूब काढून त्यावर बसवावी लागते. आपल्याकडे पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल इंजिनखालून जातो, त्यासाठी पात्राचा आकार वेगळा आहे. हे कुठल्या कॅटलॉगात नीट लिहिलेलं मिळणार नाही. पन्नास वर्षं मालकांनी एकमेकांना सांगत ठेवलेली माहिती आहे ही, आणि ‘मालकांना विचारा’ असं मी लिहिलं ते याचसाठी, भंगार विकत घ्या म्हणून नाही.

तरी वापरलेल्या पार्टबद्दल तुमची शंका निम्मी बरोबर आहे. माझा हिशोब साधा आहे: लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि फायबर जुनं चालतं, रबर जुनं चालत नाही. दार, पुढचं फायबरचं बॉनेट, नकल (पुढचं चाक धरणारा ओतीव भाग), मागचा स्विंग आर्म (चाक धरून वरखाली हलणारा दांडा), इनटेक मॅनिफोल्ड हे दुसऱ्या गाडीवरून उतरवलेलं बिनधास्त घ्या. पाठवणाऱ्याकडून ओतकामाच्या नंबराचा आणि मोजपट्टी शेजारी धरून एक असे दोन फोटो मागा. ब्रेक ड्रम घेताना त्यावर कोरलेला कमाल व्यास आणि प्रत्यक्ष आतला व्यास दोन्ही विचारा. तासून तासून मर्यादेला पोचलेला ड्रम फुकट मिळाला तरी महाग. नकल घेताना बेअरिंग बसायची जागा चमकदार घासलेली असेल तर समजा बेअरिंग तिथे कधीतरी फिरलंय, सोडून द्या. पण होज, सील, एअर बॅग, कपलिंगचे बूट ‘न वापरलेले, खोक्यातले’ असे १९८५ चे कुणी देत असेल तर नको. खोक्यातही रबर म्हातारं होतं.

ब्रेक होजचंच बघा. बाहेरून चकचकीत दिसतो, पण आतलं अस्तर फुगून एकेरी झडपेसारखं वागायला लागतं. पाय दाबला की तेल आत जातं, सोडला की परत येत नाही, चाक धरून राहतं आणि तापतं. लोक कॅलिपर बदलतात, तरी चाक धरतंच. खात्री करायची पद्धत अशी: चाक धरलेलं असताना जॅकवर घ्या, हाताने फिरवून बघा, मग ब्लीडर (ब्रेकचं तेल सोडायचा स्क्रू) अर्धा फेरा सोडा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब मध्येच अडकलेला होता. आता ब्लीडर बंद करून पुन्हा ब्रेक मारा आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाचा धातूचा पाइप सैल करा. तरीही चाक मोकळं झालं नाही तर दोष होजचा. एक गेला की बाकीचेही त्याच वयाचे असतात, सगळे बदला.

एअर बॅगेचं हेच. मागे प्रत्येक बाजूला दोन चाकं एकामागे एक, त्यांच्या दोन स्विंग आर्मच्या मध्ये आडवी बॅग, आणि आत साधारण १०० पीएसआय हवा. ‘अजून हवा धरते’ हे तुमचं म्हणणं खरं असेल, पण ती हळूहळू गळून कळवेलच असं नाही. घडीतल्या चिरा खोल गेल्या की एकदम फुटते आणि गाडीची ती बाजू खाली बसते. गाडी रात्रीतून खचत असेल तर ती बॅग नसून बहुधा बारीक नळ्यांच्या जोडातली गळती असते. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवून ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. बुडबुडे मोठे येतील असं नाही, पांढरा बारीक फेस धरतो, मिनिटभर थांबून बघावं लागतं. दुरुस्तीनंतर गाडीची उंची फ्रेममधल्या लांबट भोकांच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा: मागे ११ ११/१६ इंच, पुढे १३ १/८. अलाइनमेंट त्यानंतरच. उंची चुकलेली असताना केलेलं अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

आणि फ्रेमखाली लाकडाचे ठोकळे किंवा स्टँड दिल्याशिवाय मागच्या चाकांजवळ खाली शिरू नका. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली अजिबात नाही, एका मिनिटासाठीही नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण टायर आणि होज झाले की टायमिंग चेन बघा. त्या काळच्या ओल्ड्समोबिल इंजिनांत कॅमच्या चाकाचे दात नायलॉनचे होते. उष्णतेने ते ठिसूळ होऊन तुटतात, तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात, आणि चेन नुसती सैल होत नाही, इंजिनाला तेलही मिळेनासं होतं. तपासायला दोन माणसं आणि एक सॉकेट पाना पुरे. डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या अंगाला आहे, गाडीच्या आतल्या, राहायच्या भागातल्या झाकणातून हात पोचतो. त्याची कॅप काढून एकाने आतल्या फिरत्या रोटरवर नजर ठेवायची. दुसऱ्याने क्रँकचा बोल्ट घड्याळाच्या दिशेने फिरवून खूण शून्यावर आणायची आणि मग सावकाश उलटा फिरवायचा. रोटर हलला की ओरडायचं. तोपर्यंत क्रँक किती अंश फिरला तो चेनचा खेळ. आठ-दहा अंशांच्या पुढे गेला तर पुढचं कव्हर काढा आणि पूर्ण धातूच्या दातांचा सेट टाका. त्याच वेळी ऑइल पॅन उतरवून जाळीतले नायलॉनचे कण काढायला विसरू नका, नवी चेन टाकूनही इंजिन जातं ते त्यांच्यामुळेच.

हेडवरचं अक्षर आणि चेनचा खेळ किती अंश निघाला, एवढं इथे खाली लिहा. ४०३ असेल तर इनटेक गॅस्केट वेगळं सांगावं लागेल.